गावच्या कामाची निविदा लिहितानाच कामगाराची सुरक्षा कशी लिहावी

आमच्या ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात पाच हेल्मेटं पडून होती. वरची प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा कुणी काढलेली नव्हती. ठराव होता, तीन दरपत्रकं होती, बिल होतं, साठा नोंदवहीत नोंद होती. लेखापरीक्षणात त्यावर एका शब्दाचा आक्षेप आला नाही. आणि त्याच कार्यालयाच्या खिडकीतून रोज सकाळी दिसायचं, की पाणीपुरवठ्याचा आमचा माणूस एका हातात टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, बादली घेऊन, अनवाणी, पाण्याच्या टाकीची गंजलेली शिडी चढतो आहे. हेल्मेटं दुचाकीची होती. कान झाकणारी, जड, विदर्भातल्या मे महिन्यात डोक्यावर पाच मिनिटं राहणार नाहीत अशी. टाकीवरून पडण्यापासून किंवा क्लोरीनच्या वाफेपासून ती त्याला वाचवणार नव्हती. त्या खरेदी आदेशावर माझी सही होती.

ग्रामसेवक म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. कामगार सुरक्षित राहणार की नाही, हे काम सुरू झाल्यावर ठरत नाही. अंदाजपत्रक, वस्तूचा तपशील आणि निविदेची अट ज्या टेबलावर लिहिली जाते, तिथेच ते ठरून जातं. सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम द्यायचं आणि सुरक्षेचा खर्च मात्र त्याच दरात लपवून ठेवायचा, म्हणजे तो खर्च गाळण्याचं बक्षीस आपणच देतो. खाली लिहिलंय ते ग्रामपंचायत, पंचायत समिती, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र अशा छोट्या खरेदीदारांसाठी आहे. मोठी यंत्रणा लागत नाही. कागदावर चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, एवढंच.

पायरी १ : खरेदीच्या आधी माणसांना विचारा

वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होतो तेव्हा सोबत एक पान वेगळं ठेवा. आपल्या पैशातून कुणाचे हात कोणत्या धोक्यात जातात, याची ती यादी. आमच्या भागात ती साधारण अशी निघते: टाकीत टीसीएल टाकणं आणि टाकी धुणं, नाली उपसणं, घंटागाडीवर कचरा भरणं, पथदिवे दुरुस्त करणं, विहिरीतला गाळ काढणं, पाइपलाइनचा चर खोदणं, गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवताना ते कापणं, डासांसाठी धूरफवारणी, गवतावर तणनाशक मारणं, सेप्टिक टँक रिकामा करणं.

यादी कार्यालयात बसून करू नका. काम करणाऱ्याच्या मागे एक सकाळ फिरा. मी आमच्या पाणीवाल्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘भाऊ, चढाचं काही वाटत नाही. उतरताना पाय सरकते. शेवाय राहते नं तिथं.’ ओव्हरफ्लोच्या पाइपातून शिडीवर पाणी गळत होतं आणि तिथल्या तीन पायऱ्या हिरव्या झाल्या होत्या. ही गोष्ट कोणत्याही नमुना निविदेत सापडली नसती. ओव्हरफ्लोचा पाइप फिरवायला एक बेंड आणि थोडा पाइप लागला.

पायरी २ : माणसाला तिथे जावंच लागतं का?

सुरक्षेच्या साधनांची यादी करण्याआधी हा प्रश्न. हातमोजे, मास्क, बूट हा शेवटचा उपाय असतो, कारण तो माणसाने रोज, उन्हात, घाम पुसत पाळावा लागतो. धोकाच काढून टाकला तर काही पाळावंच लागत नाही.

टाकीचंच घ्या. रोज चढणाऱ्या माणसासाठी सुरक्षा पट्टा घेण्याऐवजी पंपघरात, जमिनीवर, टाकीकडे जाणाऱ्या नळावर क्लोरीन डोसर, म्हणजे पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र, बसवता येतो. मग चढणं उरतं फक्त टाकी धुण्यापुरतं. त्या वेळेसाठी पिंजऱ्याची शिडी आणि पट्टा घ्या.

शौचालयाचं बांधकाम असेल तर दोन शोषखड्ड्यांची रचना घ्या. एक खड्डा भरला की बंद ठेवायचा आणि दुसरा वापरायचा. वर्षभरानंतर बंद खड्ड्यातला मैला कुजून कोरडं खत होतं आणि ताज्या मैल्याला कुणाचा हात लागत नाही. आज सेप्टिक टँक बांधला, तर काही वर्षांनी तो उपसायची वेळ येणार आणि तेव्हा कुणीतरी स्वस्तात माणूस उतरवणार. आजच्या नकाशात पुढचा अपघात असू शकतो.

आधीच बांधलेल्या सेप्टिक टँकांसाठी सक्शन गाडीची सेवा घ्या. एका गावाला गाडी परवडत नाही, पण शेजारच्या गावांनी मिळून दर ठरवून घेता येतो. इथे कायद्यात पळवाट नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा एजन्सी गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावू शकत नाही, आणि ग्रामपंचायत हे स्थानिक प्राधिकरणच आहे. पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ‘ठेकेदाराने उतरवला, आम्हाला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत.

पाइपलाइनच्या कामात आणखी एक गोष्ट पाहा. बऱ्याच जुन्या नळयोजनांत एसी पाइप आहेत, म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे. ते ग्राइंडरने कोरडे कापले की निघणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते आणि त्रास दिसायला वर्षानुवर्षं लागतात. जिथे जमेल तिथे जुनी लाइन जमिनीतच बंद करून नवी लाइन बाजूने टाकण्याचा अंदाज मागा. कापावंच लागलं तर ओलं करून, हातकरवतीने. नवीन शेड, शाळेची पडवी, बाजारओटा यांवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे घेऊ नका.

पायरी ३ : कार्यादेशाची तारीख

हा मुद्दा खरेदीच्या पुस्तकात सापडत नाही, पण विदर्भात मला तो सगळ्यात मोठा वाटतो. निधी मार्चअखेर खर्ची टाकायचा म्हणून कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचे लेखी आदेश, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. मग सिमेंट रस्ता एप्रिल-मेमध्ये होतो. पारा ४५ अंशांच्या पुढे आणि अंगावर सिमेंटची धूळ. काम लांबलं की पाइपलाइनचे चर नेमके जूनच्या पहिल्या पावसात उघडे राहतात.

आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते आणि पाणी लागलं की फुगते. भेगांतून पाणी शिरलं की चराची उभी भिंत एकदम खाली बसते. एक घनमीटर ओली माती दीड टनाच्या वर भरते. तिच्याखाली माणूस छातीपर्यंत जरी दबला तरी श्वास घेता येत नाही.

म्हणून निविदेचं वेळापत्रक उलटं मांडा. चराचं काम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत संपेल, अशा बेताने निविदा पावसाळ्यातच काढा. उन्हाळ्यात काम टळत नसेल तर निविदेत लिहा की १ एप्रिल ते १५ जून या काळात दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम होणार नाही आणि कामाची मुदत त्या हिशेबाने वाढवून दिली आहे. मुदत न वाढवता फक्त ‘उन्हात काम करू नये’ असं लिहिलं तर ठेकेदार ती अट मोडणारच, कारण उशिराचा दंड आपणच डोक्यावर ठेवलेला असतो. सावलीचा मांडव, माठाचं किंवा कॅनचं थंड पाणी, ओआरएसची पाकिटं या गोष्टी अंदाजपत्रकात घ्या. रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तीच ठेकेदाराच्या कामावर का नसावी?

पायरी ४ : वस्तूचा तपशील नेमका लिहा

‘चांगल्या प्रतीचे हेल्मेट, नग ५’ असं लिहिलं की दुकानदार त्याच्याकडे पडून असलेलं देतो. आमच्या बाबतीत तेच झालं. दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक (आयएस) ४१५१ आहे आणि कामाच्या जागेवरच्या हेल्मेटचं आयएस २९२५. हा एक आकडा लिहिला असता तर ती पाच हेल्मेटं कपाटात गेली नसती.

रोजच्या खरेदीत लागणारे आकडे एका जागी लिहून ठेवा. सुरक्षा बुटांसाठी आयएस १५२९८. उंचीवरच्या कामाच्या पट्ट्यासाठी आयएस ३५२१, आणि तोही पूर्ण शरीराचा. नुसता कमरेचा पट्टा पडताना मणक्याला आणि पोटाला इजा करतो. धुळीसाठी गाळणीच्या मास्कला आयएस ९४७३. विजेच्या कामाच्या रबरी हातमोज्यांना आयएस ४७७०. टीसीएल पावडरीसाठी आयएस १०६५. चर खोदाईच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४.

आकड्याबरोबर वापरही लिहा, कारण चुकीच्या ठिकाणी वापरलेलं चांगलं साधनही फसवतं. धुळीचा मास्क कीटकनाशकाची वाफ अडवत नाही. धूरफवारणीच्या माणसाला सेंद्रिय बाष्पासाठीचं कार्ट्रिज असलेला श्वसनमास्क लागतो आणि ते कार्ट्रिज संपतं, म्हणून बदलीची कार्ट्रिजंही त्याच खरेदीत घ्या. टीसीएल आणि कीटकनाशकांसाठी कापडी हातमोजे घेऊ नयेत. ते औषध शोषतात आणि कातडीला चिकटून ठेवतात. नायट्राइल रबराचे घ्या, मनगटाच्या वर येणारे.

मापं हा आणखी एक दुर्लक्षित मुद्दा. सफाईच्या कामात बायका असतात आणि बूट मात्र सगळे पुरुषांच्या मापाचे येतात. सैल बूट घालून निसरड्या नालीत उतरण्यापेक्षा चप्पल बरी, असं त्यांना वाटतं आणि त्यांचं ते वाटणं चुकीचं नाही. खरेदीच्या आधी नावापुढे पायाचं माप लिहून यादी जोडा. साडीवर चढणारा ॲप्रन हवा असेल तर तसं लिहा. पाच-दहा नग घेण्याआधी एक नमुना मागवा, जिने वापरायचा तिला आठवडाभर द्या, मग ठरवा.

कीटकनाशकाच्या बाबतीत मी जरा जास्त आग्रहाने बोलतो. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याच्या वर वाढलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं), दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, जोराचा फवारा सोडणारे पंप आणि अंगावर काहीच संरक्षण नसणं ही कारणं तेव्हा पुढे आली. त्यानंतर मास्क आणि किट वाटायची लाट आली. पण फवारणाऱ्याला विचारलं की उत्तर एकच: ‘मास्क लावला तं जीव घाबरते, भाऊ. उन्हात कोन घालते?’ त्याचं म्हणणं खरं आहे. म्हणून खरेदी औषधाच्या आणि पंपाच्या निवडीपासून सुरू होते. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा: लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. काम हिरव्या किंवा निळ्या त्रिकोणात भागत असेल तर लाल-पिवळा मागवूच नका. पॅराक्वॉटसारख्या तणनाशकावर उतारा नाही. शाळेच्या मैदानातलं गवत विळ्याने किंवा ग्रास कटरने कापा.

पायरी ५ : अंदाजपत्रक, इथे सगळं ठरतं

बाकी काही नाही जमलं तरी ही एक पायरी पाळा.

आपल्याकडची बांधकामं बहुतेक टक्केवारी दराने जातात. अंदाजपत्रकीय रकमेपेक्षा जो जास्त कमी टक्के भरेल, त्याला काम. समजा सिमेंट नालीचं काम ८ लाखांचं आहे आणि कामगारांच्या सुरक्षेला ३० हजार लागतात. ठेकेदार १८ टक्के कमी दर भरतो. सुरक्षेचा खर्च रकमेत मिसळलेला असेल तर काम ६ लाख ५६ हजारांत जातं. आता त्या ३० हजारांचं काय झालं? ते कुठेही दिसत नाहीत. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, त्यांची ओळ नाही, म्हणून तपासणीही नाही. पहिल्या दिवशी वाचवता येणारा पैसा तोच असतो.

आता तेच ३० हजार वेगळे काढा. टक्केवारी फक्त उरलेल्या ७ लाख ७० हजारांना लागू करा. १८ टक्के कमी म्हणजे ६ लाख ३१ हजार ४००. त्यात ३० हजार मिळवा: ६ लाख ६१ हजार ४००. फरक पडला ५ हजार ४०० रुपयांचा. एवढ्या पैशांत सुरक्षेची रक्कम स्पर्धेच्या बाहेर गेली, मोजता येण्यासारखी झाली आणि न केल्यास न देण्यासारखीही झाली. बुडवणाऱ्या ठेकेदाराला फायदा उरला नाही. प्रामाणिक ठेकेदाराला दर कमी करण्यासाठी कामगारांच्या बुटांवर हात मारावा लागला नाही.

वेगळ्या ओळींत काय घ्यायचं? साधनं नगांवर, चराचा आधार चौरस मीटरवर, कठडे आणि रात्रीचे दिवे रनिंग मीटरवर, मांडव आणि पाणी दिवसांवर. सगळं एका ‘एकरकमी’ ओळीत टाकू नका, एकरकमी ओळ मोजता येत नाही. दर पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून तपासून, तांत्रिक मान्यतेच्या आधीच घाला. मान्यतेनंतर ओळ वाढवायला गेलात तर सुधारित अंदाजपत्रकाचा फेरा मागे लागतो. ‘दरसूचीत (शासनाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) हे बसत नाही’ असं उत्तर मिळालं तर दरसूचीबाहेरच्या बाबीसाठी तीन दरपत्रकांवरून दर विश्लेषण जोडा. इतर बाबींसाठी ते रोज होतंच.

पायरी ६ : पात्रतेच्या अटी

दोन लिफाफ्यांची निविदा असेल, म्हणजे एकात पात्रतेची कागदपत्रं आणि दुसऱ्यात दर, तर तांत्रिक लिफाफ्यात सुरक्षेची कागदपत्रं मागा, पण जपून. आयएसओ ४५००१ चं, म्हणजे कामगार सुरक्षा व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय, प्रमाणपत्र मागितलं तर गावचा चांगला मिस्त्री-ठेकेदार आणि मजूर सहकारी संस्था दोन्ही बाहेर जातील आणि शहरातली कंपनी कागद दाखवून काम घेईल. पुढे ती तेच काम गावच्याच माणसाला पोटठेक्याने देईल, अर्ध्या दरात. छोट्या कामाला मी इतकंच मागतो: कामावर रोज हजर राहणाऱ्या देखरेख्याचं नाव, मजुरांचा अपघात भरपाई विमा काढण्याचं हमीपत्र, आणि ‘हे काम मी कसं करणार’ हे त्याच्या स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान. त्या पानावरून माणूस कळतो. ‘सर्व नियमांचे पालन करण्यात येईल’ एवढंच लिहिणारा एक असतो. दुसरा लिहितो, ‘शाळेसमोरचा चर सुट्टीच्या दिवशी खोदून त्याच दिवशी बुजवू.’

अटी निविदा प्रसिद्ध होताना छापलेल्या असाव्यात, सगळ्यांना सारख्या असाव्यात आणि उत्तर हो किंवा नाही इतकंच असावं. लिफाफा उघडल्यावर सुचलेली अट कितीही चांगली असली तरी ती लावू नका. तक्रार होईल आणि काम अडकेल. दरपत्रकांवरच्या छोट्या खरेदीतही मागणीपत्राला हेच पान जोडा.

अंदाजपत्रकापेक्षा फारच कमी दर आला तर जादा सुरक्षा अनामत घ्यायची पद्धत आहेच. सोबत लेखी खुलासा मागा: मजुरी कोणत्या दराने धरली, माणसं किती, दिवस किती. गुणाकार करून बघितला की कुठे काटकसर केली ते समजतं.

पायरी ७ : कराराची भाषा

नमुना दस्तऐवजांत जुन्या कायद्यांची नावं छापलेली असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. बांधकाम कामगारांचा १९९६ चा आणि कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये गेले. त्यामुळे केवळ कायद्याचं नाव लिहून थांबू नका, अपेक्षित कृती साध्या मराठीत लिहा. मजूर दहापेक्षा कमी आहेत म्हणून संहितेतली काही कलमं लागू होत नसली, तरी करारातली अट लागू होतेच. मी वापरतो ती वाक्यं देतो, हवी तशी बदलून घ्या.

‘१.५ मीटरपेक्षा खोल चराला आधार दिल्याशिवाय अथवा बाजू उतरत्या केल्याशिवाय कोणीही आत उतरणार नाही. खोदलेली माती चराच्या काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर टाकली जाईल. दर ३० मीटरला चढण्या-उतरण्यासाठी शिडी असेल.’

‘विहीर, पाण्याची टाकी अशा बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी वायुमापकाने हवा तपासली जाईल. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास प्रवेश होणार नाही. वर एक माणूस दोरासह सतत उपस्थित राहील. विहिरीच्या आत डिझेल इंजिन चालवले जाणार नाही.’

कंदील सोडून हवा तपासायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ऑक्सिजन फार कमी असेल तर कंदील विझतो, हे खरं. पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि गाळातला हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतके असतानाही कंदील जळत राहू शकतो. गाळात मिथेन असेल तर तोच कंदील भडका उडवेल. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास मात्रा वाढली की येईनासाच होतो, म्हणून ‘वास गेला, आता उतरा’ हे सगळ्यात घातक वाक्य आहे. चार वायू मोजणारं यंत्र पंचायत समिती स्तरावर एक घेऊन गावांना आळीपाळीने वापरता येतं. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ते जुळवून (कॅलिब्रेट करून) घ्यायचा खर्चही त्याच खरेदीत धरा.

‘पथदिव्याचे काम लाइन बंद केल्याचे महावितरणचे लेखी परमिट हाती आल्याशिवाय सुरू होणार नाही. परवानाधारक वायरमनशिवाय कोणीही खांबावर चढणार नाही.’ झिरो वायरमन, म्हणजे परवाना नसताना विजेचं काम करणारा पोरगा, ही आपल्या गावांतली मोठी दुखरी जागा आहे. फोनवर ‘लाइन बंद केली’ ऐकून पोरगा चढतो, आणि कुणीतरी दुसऱ्या टोकाला ती सुरू करतो.

‘गट्टू, फरशी व काँक्रीट कापताना पाण्याची धार चालू असेल. कोरडे कापलेले काम मोजले जाणार नाही.’ दगड-सिमेंटच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

‘सुरक्षा साधनांचा खर्च मजुरीतून कापला जाणार नाही. धोका दिसल्यास काम थांबवणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही. लेखी परवानगीशिवाय पोटठेका दिला जाणार नाही, आणि दिल्यास या सर्व अटी पोटठेकेदारालाही लागू राहतील.’

बिलातून १ टक्का कामगार कल्याण उपकर आपण कापतोच. मग ज्यांच्यासाठी तो कापतो त्यांची नोंदणी व्हावी, म्हणून ठेकेदाराने मजुराला ९० दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र द्यावं, अशी अटही घाला. विम्याच्या जोडीला वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत मजुरांची नावं घालता येतात, दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. ठेकेदाराच्या भरपाई विम्याऐवजी मात्र ते चालत नाही.

पायरी ८ : माल आला की पेटी उघडा

खोक्यावर सही करू नका. आयएसआय चिन्ह, त्याच्या वरचा मानक क्रमांक आणि खालचा परवाना क्रमांक पाहा. तो क्रमांक मोबाइलवर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, चालू आहे की संपला ते तिथल्या तिथे दिसतं. हेल्मेटवर उत्पादनाची तारीख असते. जुनं, उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक वरून चकचकीत दिसलं तरी ठिसूळ झालेलं असतं. रबरी हातमोजा मनगटाकडून गुंडाळत आणा, बोटांत हवा कोंडेल. गालाजवळ धरा, छिद्र असेल तर हवा लागते. टीसीएलची पोती बंद, कोरडी आणि तारीख असलेली हवीत. ती ॲसिड किंवा पेट्रोलच्या शेजारी ठेवू नका.

वाटप करताना सही घ्या, पण आधी घालून दाखवायला सांगा.

पायरी ९ : बिलाच्या आधी

सुरक्षेच्या ओळी मोजमाप पुस्तिकेत इतर कामासारख्याच मोजा. आठवड्यातून एकदा, न सांगता, तारीख-ठिकाण उमटणारा फोटो घ्या. आधार न दिलेल्या चराचा आधार मोजू नका, तेवढे पैसे द्यायचे नाहीत. जो दिला त्याचे पैसे मात्र वेळेत द्या. ठेकेदार मंडळी सांगतात, ‘साहेब, अटी मान्य, पण बिल सहा महिने अडकतं.’ त्यात तथ्य आहे. उशिरा पैसे देणारं कार्यालय सुरक्षेवर हक्काने बोलू शकत नाही.

काम थांबवायचा अधिकार कुणाला, हे नावाने लिहा. अभियंता पंधरा दिवसांनी येतो, चर दोन दिवसांत बुजतो. गावात रोज असणाऱ्या एखाद्या सदस्याला किंवा कर्मचाऱ्याला ठरावाने तो अधिकार द्या आणि त्याचा फोन नंबर कामाच्या फलकावर लावा.

अपघात झाला, किंवा होता होता वाचला, तर एका वहीत चार ओळी लिहा: काय झालं, कोणती अट नव्हती, कुणी काय केलं. पुढची निविदा लिहिताना ती वही उघडी ठेवा. एकाच ठेकेदाराच्या कामावर दुसऱ्यांदा तेच घडलं तर लेखी नोटीस देऊन पुढच्या पात्रतेत त्याची नोंद धरता येते, पण तशी अट पहिल्या निविदेत छापलेली असेल तरच.

सुरुवात कुठून करायची, तर पुढच्या मासिक सभेत हा ठराव घ्या आणि त्याची प्रत प्रत्येक निविदेला जोडा:

‘ग्रामपंचायतीमार्फत होणाऱ्या प्रत्येक बांधकाम व सेवा खरेदीच्या अंदाजपत्रकात कामगार सुरक्षेच्या बाबी स्वतंत्र ओळींत दाखविण्यात येतील. त्या रकमेवर टक्केवारी दर लागू होणार नाही व तिचे प्रदान प्रत्यक्ष मोजमापानुसारच होईल. असुरक्षित काम तात्काळ थांबविण्याचे अधिकार श्री./श्रीमती ............ यांना देण्यात येत आहेत.’

मोकळ्या जागेत नाव सभेतच लिहा, आणि जिचं किंवा ज्याचं नाव लिहाल त्याला समोर विचारून लिहा.